दोन तबकड्या

आमच्या कपाटात एकाच गायिकेच्या त्याच सोळा गाण्यांच्या दोन तबकड्या आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. एवढं साधं वाक्य लिहिण्याचं शहाणपण यायला मला सख्ख्या भावाशी भांडावं लागलं.

१९९९ च्या दिवाळीत अण्णा टोराँटोहून पुण्याला आला होता. पंचवीस वर्षं तो तिकडे होता. फराळाच्या वेळी माझ्या मुलीनं लंडनहून आणलेली शनाया ट्वेनची ‘कम ऑन ओव्हर’ लावली. अण्णानं चकली हातातच धरून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, “ही खोटी आहे. यात फिडल कुठाय?”

फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या नाचगाण्यांत ते आलं की त्याला या नावानं ओळखतात. मी हसलो. म्हटलं, “अण्णा, तुला भास होतोय.” तो हट्टाला पेटला. मीही पेटलो आणि बोलू नये ते बोलून गेलो, “कचेरीत स्वतःला अँडी म्हणवून घेणाऱ्यानं दुसऱ्याला खोटं म्हणू नये.”

अनंताचा अँडी झालेला आमच्या वडिलांना अखेरपर्यंत सोसला नव्हता. अण्णा काही बोलला नाही. वहिनींनी चिवड्याचा विषय काढला. चार दिवसांनी तो गेला.

महिन्याभरानं पार्सल आलं. आत त्याची तबकडी होती, चिठ्ठी नव्हती. मी लावली, आणि पहिल्या दोन-तीन गाण्यांतच कानाला खडा लागला. फिडल होतं. स्टील गिटारचा तो लांबत जाणारा, गहिवरल्यासारखा सूरही होता.

मग चौकशी केली. ४ नोव्हेंबर १९९७ ला अमेरिका-कॅनडात निघालेली तबकडी अण्णाची. १९९८ मध्ये युरोपकडच्या श्रोत्यांसाठी तीच गाणी नव्यानं सजवली. बऱ्याच गाण्यांतलं फिडल आणि स्टील गिटार मागं सारलं, ती माझी. भास कुणालाच झाला नव्हता. मी मात्र उगाच वडिलांना मध्ये आणलं होतं.

नॅशव्हिल हे कंट्री संगीताचं माहेर. तिथल्या जुन्या जाणत्यांनी पहिल्या तबकडीलाही नाकं मुरडली होती. सगळी गाणी शनायानं आणि तिचा नवरा रॉबर्ट लँग यानं मिळून रचलेली, आणि लँग पडला रॉकच्या दणदणाटात नाव कमावलेला. हे कसलं कंट्री, असं ते म्हणत. अमेरिकेतल्या कंट्रीच्या यादीत मात्र ती पन्नास आठवडे अग्रस्थानी राहिली, आणि जगभरात चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. एकट्या गायिकेच्या दुसऱ्या कुठल्याही तबकडीला एवढं गिऱ्हाईक लाभलेलं नाही.

या बाईला गिऱ्हाइकासाठी रंग बदलणारी म्हणावं, असं क्षणभर माझ्याही मनात आलं. पण तिचं पूर्वायुष्य वाचलं आणि जीभ चावली. कॅनडातल्या टिमिन्स या खाणींच्या गावात ती गरिबीत वाढली. आठ वर्षांची असताना घराला हातभार म्हणून रात्री दारूच्या गुत्त्यात गात असे. १९८७ मध्ये मोटार-अपघातात आई आणि सावत्र वडील एकदमच गेले. बावीस वर्षांच्या या मुलीनं मग एका मोठ्या विश्रामस्थळी रोज गाऊन धाकट्या भावंडांना वाढवलं. समोर जो बसला असेल त्याला रुचेल असं गायचं, हे ती पोटासाठी शिकली होती. तिचं पाळण्यातलं नावही आयलीन. शनाया तिनं पुढं घेतलं.

अण्णा तरी दुसरं काय करत होता? परक्या कचेरीत, परक्या जिभांना उच्चारता येईल असं एक नाव त्यानं पुढं केलं. पहिल्या पगारापासून दर महिन्याला तिकडून पैसे यायचे, ते अँडीचे की अनंताचे, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. माझी फी त्यातूनच भरली गेली.

मी पत्र लिहायला घेतलं. क्षमा मागायची म्हणजे शब्द जड होतात. म्हणून मायना लिहिला, ‘प्रिय अँडी’. खाली एवढंच, की तुझी तबकडी ऐकली, फिडल आहे, चूक माझी. उलट टपाली उत्तर आलं. त्यात मुलांची खुशाली होती, बर्फाची तक्रार होती, फिडलचं नाव नव्हतं. शेवटी होतं, ‘तुझा, अण्णा’.

पुढं शनायाला गोचिडीच्या चाव्यातून लाइमचा आजार जडला आणि आवाजच दगा देऊ लागला. पुष्कळ वर्षं ती गप्पच होती म्हणा ना. २०१७ मध्ये ‘नाऊ’ आली. सगळी गाणी एकटीनं रचलेली, आवाज उतरलेला, जाडसर. फिडल काढलं तर परत घालता येतं. गळ्याचं तसं नाही. जो उरला त्या गळ्यानं ती गायली.

अण्णा आता थकला आहे. परवा वसुबारसेला त्याचा फोन आला. आवाज इतका खरखरीत की क्षणभर ओळखूच येईना. मग तो म्हणाला, “काय रे, चकल्या झाल्या का?”

मी म्हटलं, “झाल्या. ये.”