अव्वांची मणी

आमच्या हैदराबादच्या घरी खिडकीखाली एक लाकडी खुर्ची आहे. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, "ही नातीसाठी केली का?" बसायची जागा जमिनीपासून जेमतेम चौदा इंचांवर. मोठं माणूस बसलं की गुडघे पोटाशी येतात, आणि लहान मुलासाठी म्हणावी तर तिचे हात नको इतके भक्कम. दुकानात अशी खुर्ची मिळत नाही. ती मी केली. म्हणजे पाय, हात आणि पाठ मी केली. बसायची फळी माझी नाही. ती १९५६ सालची, भालकीकडच्या कुणा बडिगेरानं केलेली. त्या फळीला एक भोक आहे, ते मात्र माझं.

माझं माहेर उदगीर, सासर भालकीजवळचं. आज मध्ये राज्याची हद्द आहे, पण १९५६च्या ऑक्टोबरपर्यंत दोन्ही गावं एकाच बीदर जिल्ह्यात, जुन्या हैदराबाद राज्यात होती. माझ्या सासूबाई, म्हणजे अव्वा, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लग्न होऊन सासरी आल्या आणि पहिल्या दिवाळीच्या तोंडावर, १ नोव्हेंबरला, बसल्या जागी म्हैसूर राज्यात गेल्या. आमचं उदगीर मुंबई राज्यात गेलं, हैदराबाद आंध्र प्रदेशात. अव्वा म्हणायच्या, "मी कुठं गेले नाही, गावच गेलं." त्यांना मराठी सगळं समजायचं, बोलायच्या मात्र कन्नड. माझं नेमकं उलट. आम्ही दोघी आपापल्या भाषेत बोलायचो, भांडणंसुद्धा तशीच व्हायची. वाचकांपैकी अनेकांच्या घरी हे चालतं, म्हणून जास्त सांगत नाही. त्यांचं बोलणं इथं बहुतेक मराठीतच देते आहे.

सुतारकामाचा नाद मला लागला २०११ साली, पन्नाशी उलटल्यावर. स्वयंपाकघराची कपाटं करायला एक मिस्त्री दीड महिना आमच्याकडे येत होते. मूळचे उत्तर प्रदेशातले, पण वीस वर्षं हैदराबादेत राहून त्यांची हिंदी पक्की दखनी झाली होती. मी ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसायची. रंधा मारताना लाकडाचा पातळ पापुद्रा वळत वळत बाहेर येतो, त्याचा तो वास, आणि खाली उघडी पडत जाणारी गुळगुळीत फळी! दिवसभराचे आकडे डोक्यातून निघून जायचे. काम संपलं तेव्हा त्यांनी उरलेले तुकडे आणि एक जुनी पटाशी माझ्याकडे ठेवली. म्हणाले, "सीखो मॅडम, पन उंगली संभालके."

पहिला केला तो देवासाठी चौरंग. चारांतला एक पाय जमिनीला टेकेना, म्हणून बाकीचे तीन जरा कापले. मग दुसराच टेकेना. असं करत सात इंचांचा चौरंग चार इंचांवर आला. आमचे हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "थांब आता, पाट झालाय." पुढं कळलं की पाय बरोबर होते, आमच्या गच्चीची फरशीच वाकडी आहे.

या नादाला हैदराबाद चांगलं शहर. हत्यारांना राणीगंज, लाकडाला मुशीराबादच्या वखारी. वखारीत मी एकटी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "साब नहीं आये?" तिथं चांगल्या सागवानाला 'बल्लारशा का माल' म्हणतात. म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं ते बल्लारशाहूनच, आणि त्याची दारं घडवली ती हैदराबादच्याच एका कारखान्यानं. असल्या मालाचा भाव माझ्या हौसेला झेपणारा नव्हता. मी जुन्या लाकडाकडे वळले. अपार्टमेंटसाठी जुने वाडे, बंगले पडतात, त्यांच्या चौकटी आणि तुळयांचे तुकडे विकायला येतात. पुराना पुलाजवळच्या जुम्मेरात बाजारातही शोधलं तर काहीबाही हाती लागतं. जुनं लाकूड पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं, हा मोठा फायदा. तोटा असा की आत मोडलेले खिळे असतात. फ्रिजला चिकटवायचं लोहचुंबक फळीवरून फिरवल्याशिवाय मी आता रंध्याला हात लावत नाही. एका खिळ्यानं पातं जातं. शिवाय सागवानाच्या अंगातच वाळूसारखा कण असतो, तो धार खातो. सुट्टीचा अर्धा दिवस निसण्यावर जायचा.

२०१३च्या पावसाळ्यात मी जेवणाचं चौकोनी टेबल केलं. फळ्या फेविकॉलनं जोडल्या, वरचा तक्ता खालच्या चौकटीवर सोळा स्क्रूंनी आवळून बसवला. अगदी पक्कं. पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री फटाका फुटावा तसा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर तक्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत उललेला. मिस्त्रींना फोन केला. "कसके बांधे क्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. "लकडी कू जगा होना, मॅडम."

मग कळलं ते असं. लाकूड कापलं, वाळलं, पॉलिश झालं तरी हवेतली ओल घेत-सोडत राहतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात फुगतं आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आकसतं. आकसायला जागा दिली नाही तर ते स्वतःच फाटून जागा करून घेतं. फेविकॉल आलं १९५९ साली. त्याआधीचे सुतार सरस तापवून लावायचे, आणि पुष्कळ सांधे तर नुसते खाचेत कुसू ठोकून पक्के करायचे. ते लाकडाला मोकळं ठेवायचे ते सरसाची काटकसर म्हणून नव्हे, हे मला सोळा स्क्रू वाया घालवून समजलं.

अव्वा आमच्याकडे कायमच्या आल्या २०१२ साली, मामंजी गेल्यावर. गावाकडचं घर विकलं. भांडीकुंडी तिघा भावांत वाटली गेली. अव्वांनी एकच वस्तू मागितली, त्यांची मणी. आपण मराठीत पाट म्हणतो तीच. दीड फूट लांब, चौदा इंच रुंद, एकाच फळीची, सागवानी. लग्नात त्यांच्या वडिलांनी करून दिलेली. तिच्यावर बसून त्या साठ वर्षं जेवल्या. मुलांची औक्षणं तिच्यावर झाली. हैदराबादेतही आम्ही टेबलावर जेवायचो आणि त्या शेजारी जमिनीवर मणी टाकून. आग्रह करून थकलो. "तुम्ही वर बसा, माझं काय अडलंय?"

२०१६च्या जूनमध्ये त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, आता जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. अव्वांची उंची चार फूट सात इंच. बाजारातली खुर्ची सतरा-अठरा इंच उंच. तीत बसल्या की पाय लोंबायचे, कडा मांडीत रुतायची, तासाभरात पावलं सुजायची. पायांखाली स्टूल दिलं तर ते सरकायचं. मग त्या पलंगावरच जेवायला लागल्या, म्हणजे जेवायच्या बंदच झाल्या. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग ताक पुरे. "पेशंटला वाढल्यासारखं वाढता," एवढंच म्हणायच्या. दोन महिन्यांत हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

मला युक्ती सुचली. मणीलाच पाय लावायचे! बसायला त्यांचीच फळी आणि उंची डॉक्टरांच्या मनासारखी. त्यांना न सांगता करायचं, म्हणजे पाहून खूश होतील. एका रविवारी दुपारी त्या झोपल्या असताना मी पलंगाखालून मणी काढली, गच्चीत नेली, चार कोपऱ्यांना खुणा केल्या आणि पहिलं भोक आरपार पाडलं. ड्रिलचा आवाज थांबला तेव्हा मागं वॉकरची टकटक ऐकू आली. अव्वा दारात उभ्या होत्या.

"नन्न मणी अदु," म्हणाल्या, आणि वळून गेल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. औषधं घ्यायच्या, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. यांनी समजूत घालायला पाहिलं, "तुझ्यासाठीच करत होती ती." त्यावर उत्तर नाही. मला त्या मणीचं मोल माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. पूर्ण माहीत होतं. पण आपण भलं करतो आहोत म्हटल्यावर विचारायचं काय, असा एक ताठा मनात होता. मुलांच्या बाबतीत तो मी अनेकदा केलाय. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर आपण सगळेच करतो.

दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून मी गच्चीत जाऊन मणी उलटी केली. तिच्याकडे मी खालून कधी पाहिलंच नव्हतं. पोटात दोन आडव्या खाचा, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, आणि त्यांत बाजूनं सरकवून बसवलेल्या दोन पट्ट्या. ना खिळा, ना सरस. फळी फुगली तर पट्टीवरून सरकते, आकसली तरी सरकते, वाकत मात्र नाही. साठ वर्षांत एक चीर नाही. जे शिकायला मला एक टेबल उलवावं लागलं, ते त्या बडिगेरानं एका साध्या पाटाखाली करून ठेवलं होतं. मी त्याच फळीला चार बाजूंनी आवळायला निघाले होते.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या पलंगाशी खाली बसले आणि विचारलं, "अव्वा, मणी वापरू का?"

"पाय ठोकशील?"

"नाही. खाली चौकट करीन, मणी नुसती वर ठेवायची."

"परत निघेल?"

"निघेल."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग पांघरूण बाजूला करून पाय खाली सोडले. "माप घे." गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंत साडेतेरा इंच भरलं. मी कोपर मोजला, पाठ मोजली, तेव्हा हसल्या. "ब्लाउजशिवाय माझं माप कुणी घेतलं नव्हतं."

काम अडीच महिने चाललं, शनिवार-रविवार. जुम्मेरात बाजारातल्या एका जुन्या चौकटीचे पाय केले. सांधे सगळे कुसूचे. मणी आत टेकेल अशी कड ठेवली आणि चारी बाजूंनी एकेक सूत मोकळं सोडलं. पहिल्यांदा बसवलं तेव्हा उंची पंधरा होती. "भाळ एत्तर," अव्वा म्हणाल्या. एक इंच कापला, या वेळी आधी फरशी तपासून. मापं घ्यायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं गुडघा आणि खुबा पाहून मान डोलावली. हात मात्र मी दोन इंच आखूड केले. उठताना त्यांना जरा मागून जोर लावावा लागायचा. तो दोष अजून आहे.

त्या उललेल्या टेबलाचे पाय कापून बावीस इंचांवर आणले आणि ते त्यांच्यापुढं मांडलं. आम्ही दोघं शेजारी जमिनीवर बसलो. साठ वर्षांत पहिल्यांदा अव्वा वर आणि बाकीचे खाली. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली, शेंगाचटणी दोनदा मागितली. मी मोजते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "छलो अद," म्हणाल्या. खुर्चीबद्दल की चटणीबद्दल, मी विचारलं नाही.

सणाला त्या मणी चौकटीतून काढायला लावायच्या. पाडव्याला ती जमिनीवर मांडायची, भोवती रांगोळी, तीवर मुलगा, आणि संध्याकाळी परत चौकटीत. भोक बुजवायला मी सागवानाचाच गोल तुकडा करून ठोकला होता. फेविकॉल लावू लागले तर म्हणाल्या, राहू दे. तो पावसाळ्यात घट्ट बसतो, उन्हाळ्यात ढिला होतो. दर एप्रिलमध्ये कधीतरी अव्वा तो बोटानं उचकटून माझ्या हातात द्यायच्या. "निन्न तप्पु." आणि मिश्कील हसायच्या. पाच वर्षं हा खेळ चालला. २०२१ साली त्या गेल्या, झोपेत.

खुर्ची ठेवून दिली आहे. माझी सून तेलुगू, ती त्या फळीला पीट म्हणते. नात चार वर्षांची आहे. तिचे पाय अजून टेकत नाहीत, पण तिला तिथंच बसायचं असतं. या एप्रिलमध्ये ती हातात काहीतरी घेऊन आली. "आज्जी, हे पीटातून पडलं." मी तुकडा परत बसवून पाहिला, राहीना. पाऊस पडेपर्यंत तो माझ्या पटाश्यांच्या डब्यात ठेवला आहे.