दोनाबेस, मराठवाड्यातून

प्रिय दोनाबे,

भाच्याने नागोयाहून तुला स्वेटरांत गुंडाळून आणलं, त्याला वर्ष होत आलं. ‘दो’ म्हणजे माती, ‘नाबे’ म्हणजे भांडं. एवढंच नाव! आमच्याकडे मडक्याला मडकं म्हणतात तसं. कपाटातल्या जपानी भांड्यांत तू चौथं. आता मी कुंभारवाडाच मांडणार, अशी घरच्यांची खात्री झाली आहे.

पहिल्याच दिवशी मी तुझा घात केला. धुतलं आणि ओल्या बुडानेच गॅसवर ठेवलं. टिक्‌ असा बारीक आवाज आला आणि तळाशी केसाएवढी चीर गेली. पाणी झिरपायला लागलं. बाजारात मडकी घेऊन बसणारी मावशी म्हणाली, “त्यात पेज शिजवा, मंद जाळावर. अन् रातभर तशीच ऱ्हाऊ द्या.” झिरपणं थांबलं. भाचा फोनवर हसला. तिकडेही नवं दोनाबे आधी भाताच्या पेजेनेच मुरवतात म्हणे.

तू जपानातल्या इगाचं. तुझी माती लाखो वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या तळची, कुजलेल्या झाडपाल्याची. भट्टीत तो पाला जळतो, बारीक छिद्रं उरतात आणि त्यांत ऊब धरून राहते. आमच्या कुंभाराला असलं तळं कुठलं? तो मातीत राख आणि लीद कालवतो. आव्यात तीही जळून तशीच छिद्रं ठेवते.

तुझ्या शेजारी ठेवायला इकडचं एक जुनं, रांधायचं मडकं शोधत होतो. सापडलं नाही. आजीचा तांब्याचा हंडा आहे, त्यावर तिचं नाव कोरलेलं आहे. तिचं मडकं कोण ठेवणार? धातू चिंचेने घासला की शुद्ध; माती एकदा विटाळली की विटाळलीच. ग्रहण, सुतक, काहीही निमित्त पुरे, मडकी उकिरड्यावर. माणूस गेला की त्याच्यापुढे मडकं धरायचं आणि स्मशानात फोडायचं. तुमच्याकडे भांडं जपून ठेवतात, आम्ही ते फोडून मोकळे होतो. त्यावरच कुंभाराचं पोट चालत आलं, हेही खरं.

म्हणून आमच्याकडे जुन्या मडक्यांचा संग्रह करायचा तर पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, धुंडाळावी लागते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेच केलं. त्यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय संत गोरोबा काका कुंभारांच्या त्या गावात उभं आहे. आमच्या संभाजीनगरहून अहिल्यानगरच्या रस्त्यावर प्रवरेकाठी नेवासं लागतं. 1954 ते 56 या काळात पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली तान्ह्या मुलांची दफनं निघाली: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी, आत मूल. तीन हजार वर्षांहून जुनी. जपून ठेवलेली मडकी आमच्याकडे निघाली ती अशी. त्याच नेवाशात वरच्या थरांत रोमन दारूच्या कुंभांची खापरंही मिळाली. म्हणजे इकडे आलेलं परदेशी भांडं तू काही पहिलं नव्हेस.

परवा त्या मावशीकडून एक मडकं आणि वर झाकायला परळ आणला. बोटाने वाजवून घेतलं, टणटणीत आहे. पेज शिजवून मुरवलं, कोरडं केलं, बुडावर पेन्सिलीने तारीख घातली आणि तुझ्या शेजारी ठेवलं. पुढच्या ग्रहणाला घरातली मंडळी त्याचं काय करतात, ते कळवीन.

तुझा,
छत्रपती संभाजीनगरचा एक हौशी