पाकिटाची मागची बाजू

बँकेच्या सेवाकाळात मंचर, नारायणगाव आणि जुन्नर येथील व्यापारी बांधवांचे ताळेबंद तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. आकड्यांपेक्षा खालच्या टिपा अधिक बोलक्या असतात, हे त्या कामाने शिकवले. निवृत्तीनंतर तीच नजर मी खाद्यपदार्थांच्या पाकिटांकडे वळवली आहे. दर्शनी बाजूस ‘मल्टिग्रेन’ लिहिलेले असते. मागे पहिला घटक मैदा निघतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम असल्यामुळे पहिली दोन-तीन नावेच खरी हकीकत सांगतात.

हा विषय आपल्या घरातला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपला व्यवसाय दिवसभर गादीवर बसून करण्याचा. माझ्या एका किराणा व्यापारी मित्रास मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी वर्ज्य सांगितलेल्या बहुतेक वस्तू त्यांच्याच दुकानाच्या पहिल्या फळीवर होत्या.

उत्पादकांनी ठरविले तर पदार्थाचे घटक बदलता येतात. खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये ३ टक्के व २०२२ मध्ये २ टक्के केली. त्यामुळे बिस्किटे बाजारातून नाहीशी झाली नाहीत. मंचरला १९९२ मध्ये सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचे उदाहरण तर आपल्या उंबरठ्याजवळचे. चीज करताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिने आज भुकटीच्या रूपात विकली जातात. शाकाहारी ताटात प्रथिने वाढविण्याचा तो एक मार्ग आहे.

मात्र प्रत्येक बदल हितकारक नसतो. साखर काढून माल्टोडेक्स्ट्रिन घातले, तर पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असे छापता येते. रक्तातील साखर मात्र झपाट्याने चढतेच. म्हणून हिशेब आपणच करावा. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम साखर असेल, तर ६० ग्रॅमच्या पुड्यात १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत राहावे, २५ च्या आत राहिल्यास उत्तम.

कंदमूळ, अंडे वा जिलेटिन नाही ना, हे पाहण्यासाठी आपल्या गृहिणी पाकीट उलटून वाचतातच. त्याच वाचनात साखर, मैदा आणि मीठ या तीन ओळींची भर घालावी. खाकरा-फरसाण करणाऱ्या आपल्या गृहोद्योगांनी मैद्याच्या जागी बाजरी, नाचणी वा हरभऱ्याचे पीठ वापरून पाहावे. साखर-मीठ एकदम न तोडता थोडे थोडे उतरवावे, म्हणजे जिभेला सवय होते.

दुकानदार बांधवांना एकच विनंती. उत्पादक मागणी पाहूनच माल बनवितो, आणि ती मागणी त्याच्यापर्यंत आपल्या ऑर्डर-वहीतून पोहोचते. पुढची ऑर्डर लिहिण्यापूर्वी पाकीट एकदा उलटून पाहावे. जो माल आपण नातवाच्या हाती देणार नाही, तो पहिल्या फळीवर ठेवू नये.