नांव विचारावयाचें राहिलें

इ. स. १९३६ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील निपोमो येथें वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँगबाईंनीं एका मातेचीं छायाचित्रें घेतलीं. पाठमोरीं दोन लेंकरें, मांडीवर तान्हें, गालास टेकलेलीं बोटें आणि मुद्रेवर उद्यांची चिंता! त्या चित्रांमुळें तळावर सरकारी अन्न पोंचलें. परंतु ती माउली तत्पूर्वींच पुढें गेली होती. बाईंनीं तिचें नांव विचारलेंच नव्हतें. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हें तें नांव जगास कळलें १९७८ सालीं.

हें वाचून आमच्या शाळेचें जुनें समूहचित्र मीं काढून पाहिलें. कडेला घंटा देणारा शिपाई उभा आहे. खालीं सर्वांचीं नांवें आहेत; त्याचें मात्र नाहीं. तीं नांवें मींच लिहिलीं होतीं. वीस वर्षें ज्यास नुसती ‘अरे’ म्हणून हाक मारिली, त्याचें नांव आतां कोणास विचारूं?