आमचा खो-खोचा संघ

आमची शाळा पहिली ते चौथीपर्यंत आहे. शाळेला दोन खोल्या आहेत. पुढे मोठे लिंबाचे झाड आहे. पटावर त्रेचाळीस मुले आहेत आणि दोन गुरुजी आहेत. मला गणित आवडते, पण त्याहून खो-खो जास्त आवडतो. म्हणून मी आमच्या खो-खोच्या संघाविषयी लिहीत आहे.

पूर्वी आमच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरवले. मुलांनीही विश्वचषक जिंकला. मोठ्या गुरुजींनी आम्हाला तो सामना मोबाईलवर दाखवला. आम्ही सगळे एकावर एक वाकून बघत होतो. आपली कर्णधार प्रियंका इंगळे ही महाराष्ट्राचीच आहे. गुरुजी म्हणाले, "बघा, ह्या मुलीपण आधी अशाच मातीत खेळल्या असतील. आपण यंदा संघ करू."

जून महिन्यात शाळा उघडली आणि आम्ही मैदान करायला लागलो. दर शनिवारी सगळी शाळा खडे वेचायची. पहिलीची मुले पण फ्रॉकात नाहीतर टोपीत खडे भरून बांधावर टाकायची. एका आजोबांनी बाभळीचे दोन खांब तासून दिले. ते जमिनीच्या वर एकशे वीस सेंटीमीटर राहतील असे पुरले. गुरुजींनी टेपने मोजले आणि फक्कीने रेघा मारल्या. गावात वर्गणी करून बारा हिरवे बनियन आणले. ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांनी शेंगा दिल्या.

खो-खोत नऊ जणी खेळतात आणि तीन राखीव असतात. आठ जणी पाटीवर बसतात. एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. नववी मारायला पळते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि मागे पण फिरता येत नाही. खांबाला गेल्यावरच फिरता येते. पळणाऱ्या मात्र कुठूनही पळतात. त्या तिघी तिघी येतात. गुरुजी आमचा सराव प्रार्थनेच्या आधी घ्यायचे. नुसता खो द्यायचाच सराव आम्ही पंधरा दिवस केला. पाठीला हात लागला आणि तोंडातून खो निघाला हे एकदमच झाले पाहिजे. तोंड आधी आणि हात मागून झाला की गुरुजी शिट्टी मारायचे. घरी पण मी भाकरी करणाऱ्या आईच्या पाठीत खो द्यायची. आई म्हणायची, "अगं भाकर करपती, जा तिकडं."

आमच्या संघात सगळ्यात चांगली पळणारी माझी मैत्रीण होती. ती माझ्याच बाकावर बसते. ती पळायला लागली की कुणाला सापडायची नाही. सरावात ती एकटी अडीच मिनिटे पळाली होती. गणेशोत्सवानंतर गुरुजींनी नऊ जणींची नावे फळ्यावर लिहिली. तिचे नाव पहिले होते. माझे नाव राखीवमध्ये बारावे होते. माझ्याकडे पाण्याची कळशी आणि सगळ्यांच्या चपला सांभाळायचे काम आले. मी कुणाला काही बोलले नाही, पण घरी जाऊन गोठ्यात रडले.

आमच्या गावातली निम्मी माणसे दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून जावेच लागते. कुणी सांगलीकडे जातात, कुणी कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. माझ्या मैत्रिणीचे आईवडील पण जातात. तिचा भाऊ दीड वर्षाचा आहे. आई फडात गेल्यावर कोपीवर त्याला कोण बघणार? म्हणून तिला पण जावे लागते. गुरुजी तिच्या घरी दोनदा गेले. तिचे वडील म्हणाले, "गुरुजी, तुमचं खरंय, पण मी काय करू?" मग गुरुजी चहा पिऊन परत आले.

ती जाणार होती त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिने मला मैदानावर बोलावले. ती म्हणाली, "आता तुलाच खेळायचंय. मी तुला एक गोष्ट सांगते. मारणारीच्या तोंडाकडं बघू नको, ती तोंडानं फसवती. खांद्याकडं बघ. खांदा जिकडं वळला तिकडंच तिला जावं लागतं." मग ती मारणारी झाली आणि मी पळाले. अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो.

सकाळी ट्रॅक्टर आला. त्यात भांडी, बाजेची लाकडे, कोंबड्या, पिठाची पोती आणि माणसे होती. ती भावाला घेऊन वर बसली होती. सगळ्या मुली रडल्या. मी पण रडले. पण आज मी खरे सांगते. ट्रॅक्टर वळणावरून गेला तेव्हा मला मनातून आनंद झाला होता. मला वाटले, आता मी नऊ जणींत येणार. तिच्याबरोबर आणखी दोघी गेल्या होत्या. आम्ही बरोबर नऊच उरलो. राखीव कुणीच नव्हते.

डिसेंबरमध्ये केंद्राच्या स्पर्धा झाल्या. त्यात आम्ही पहिल्या आलो. गावाने हलगी लावून आमची मिरवणूक काढली. जानेवारीत बीटच्या स्पर्धा होत्या. आम्ही टेम्पोत बसून गेलो. शेवटचा सामना एका मोठ्या शाळेशी होता. त्यांच्या पायात बूट होते. आम्ही अनवाणी होतो. पण आमच्याकडे ओरडायला पहिलीची मुले होती. त्यांनी जेवणाच्या ताटल्या इतक्या वाजवल्या की पंचांनी दोनदा गप्प बसवले.

पाच पाच मिनिटांचा एकच डाव होता. आधी आम्ही मारायला बसलो. आम्ही सात गडी बाद केले. मग आम्ही पळायला आलो. आमच्या पहिल्या तिघी लवकर बाद झाल्या. दुसऱ्या तुकडीत मी होते. माझे पाय लटपटत होते. मग मला आठवले, खांद्याकडं बघ. मी खांद्याकडे बघून पळाले. त्यांची एक उंच मुलगी माझ्यामागे होती. ती तोंड इकडे करायची आणि तिकडे जायची. पण मी फसले नाही. मी एक मिनिट दहा सेकंद पळाले. खांबाजवळ पाय घसरला तेव्हा बाद झाले. शेवटची पंधरा सेकंदे उरली होती तेव्हा आमचा आठवा गडी बाद झाला. आम्ही एका गुणाने हरलो.

परत येताना टेम्पोत कुणी बोलत नव्हते. एक मुलगी म्हणाली, "ती असती तर आपण जिंकलो असतो." सगळ्या हो म्हणाल्या. मला पण तसेच वाटले. ती असती तर मी चपला सांभाळत बसले असते, आणि आमची शाळा जिंकली असती. तेव्हा मला तो ट्रॅक्टर आठवला आणि लाज वाटली.

संध्याकाळी गुरुजींनी तिच्या वडिलांना फोन लावला. ती फोनवर आली. तिने आधी हे विचारले नाही की जिंकलो का हरलो. तिने विचारले, "तू किती वेळ पळालीस?" मी सांगितले, एक मिनिट दहा सेकंद. ती इतकी ओरडली की गुरुजींना पण ऐकू गेले. मग म्हणाली, "खांद्याकडं बघितलंस ना?" मी हो म्हणाले. मला पुढे बोलता येईना. तिच्या मागे तिचा भाऊ रडत होता. ती म्हणाली, "ठेवते गं, हा उठला."

मला आनंद झाला होता ही गोष्ट मी तिला फोनवर सांगितली नाही. म्हणून इथे लिहिली आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पाचवीला दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाणार. तिथे मोठे मैदान आहे आणि खेळाचे वेगळे सर आहेत. तिथे आम्हाला दोघींना एकाच संघात खेळायचे आहे. पण दिवाळीनंतर ती पुन्हा गेली तर कशी खेळणार? काही गावांत हंगामी वसतिगृह असते. आईवडील गेले तरी मुले गावातच राहून शिकतात. गुरुजी म्हणाले, आपल्या गावाने पण मागणी करू. माझी आजी म्हणते, "पोरीला आमच्याकडं ठेवा, आणि बाळाला पण ठेवा. मी दिवसभर घरीच असते." आमच्या घरी शेळीचे दूध पण आहे. आज जे पालक हे वाचत आहेत त्यांनी घरी गेल्यावर याचा विचार करावा, ही माझी नम्र विनंती.

गुरुजी दर महिन्याला भित्तिपत्रक बदलतात. पण माझी मैत्रीण पाडव्याच्या सुमारास येते. गुरुजी, तोपर्यंत हा कागद काढू नका. तिला वाचू द्या. मग ती माझ्यावर रागावली तर रागावू दे.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी, बनियन नंबर १२