पहिली पाटी

मुलांनो, वहीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, की तुम्ही खोडून पुन्हा लिहिता. पण दुकानाच्या पाटीवर चुकलं तर?

2012 साली मी डी.एड. झालो. नोकरी मिळेना. अक्षर बरं होतं, म्हणून पाट्या रंगवू लागलो. पहिलं काम गिरणीवाल्या काकांचं, सहाशे रुपयांचं. पत्र्याला रंग दिला, सुताने रेघा आखल्या, दोन दिवस खपून लिहिलं, 'पीठाची गिरणी'. काका खूश. पैसे रोख!

रात्री जेवताना घास अडकला. अरे, शब्द 'पीठ' असला तरी पुढे प्रत्यय लागला की 'पिठाची' होतं. 'दूध'चं 'दुधाची' होतं ना, तसं. आणि मी म्हणे डी.एड.! पैसे तर आईच्या औषधाला गेले होते. गप्प बसावं का? खरं सांगतो, बसावंसं वाटलं.

सकाळी गेलो. काका हसले, "दळण बारीक आलं म्हणजे झालं. पाटी वाचतंय कोण?" तरी पाटी उतरवली. उधारीवर रंग आणला. तो वाळायलाच दिवस गेला.

पुढे दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला काका ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचे. दसऱ्याच्या आधी पाच पाट्या आल्या. एक मी नाकारली, वेळेत झाली नसती. दुकानदार रागावले. दिवाळीनंतर मात्र तेच दारात उभे, सायकलला पत्रा बांधून!