सेंट जेम्सच्या दारात

लंडन बघायला निघालेली माणसं सेंट जेम्स राजवाड्यापाशी फारशी थांबत नाहीत. गर्दी असते ती पुढे, बकिंगहॅमच्या कुंपणाशी. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात बांधवून घेतलेली ही लाल विटांची वास्तू आम्हीही रस्त्यावरूनच पाहिली. तरी लेकीला सांगून ठेवलं होतं, आधी इथेच यायचं. १९३१ च्या सप्टेंबरात दुसरी गोलमेज परिषद याच राजवाड्यात भरली आणि तिच्या सचिवांमध्ये आमच्या रोह्याच्या देशमुखांचे चिंतामणराव होते.

जन्म महाडजवळच्या नाते गावचा. वय तेव्हा पस्तीस. रिझर्व्ह बँकेचं गव्हर्नरपद, अर्थखातं, मुंबईच्या प्रश्नावरून दिलेला राजीनामा, सगळं अजून पुढे होतं. बगलेत कागद घेऊन ते याच दारातून आत शिरत असतील. आत एकीकडे गांधीजी, दुसरीकडे डॉ. आंबेडकर. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्याला चार वर्षं झाली होती, आणि नात्याहून महाड ते किती लांब! आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याची माती इतक्या दूर, एकाच छताखाली अशी जमली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तेवढ्यात बँड वाजू लागला. पहारा बदलण्याची वेळ. लाल डगले, केसाळ उंच टोप, एका ठेक्यात पडणारे बूट. बघत राहावं असाच थाट. मला मात्र धावीर महाराजांची पालखी दिसू लागली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती देवळातून निघते तेव्हा सशस्त्र पोलीस देवाला मानवंदना देतात, आणि सलामी घेतलेला तो देव मग रोह्याच्या गल्ल्यांतून लोकांच्या दारी जातो. घराघरांतल्या बाया निरांजन घेऊन उंबऱ्यात उभ्या. राजाने असं दारोदार यावं हे मला सासरी आल्यावर कळलं, आणि तेव्हापासून राजेपणाची माझी कल्पनाच तशी झाली आहे.

दुपारी पार्लमेंट स्क्वेअर. चर्चिल आणि गांधीजी एकाच चौकात उभे आहेत. गांधीजींचा पुतळा २०१५ मध्ये आला. इथे माझं माहेर आठवलं. १९४० च्या ऑक्टोबरात, चर्चिल पंतप्रधान असताना, गांधीजींनी युद्धाविरुद्ध बोलण्यासाठी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं ते विनोबांना, पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाला. पेण म्हटलं की इथली मराठी माणसंही गणपतीच्या मूर्तींचं कौतुक करतात. करावंच, आमच्या कारागिरांचा हात तसाच आहे. पण गागोद्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही, याचं वाईट वाटतं.

"आई, आता टॉवर?" लेकीने विचारलं. तिथल्या मुकुटांतल्या हिऱ्यांपेक्षा मला दहा, किंग हेन्रीज रोड बघायचा होता. महाराष्ट्र सरकारने विकत घेतलेलं ते घर. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब तिथे राहत. महाडचा सत्याग्रह तेव्हा अजून पाच वर्षं लांब होता. आम्ही उत्तरेकडची गाडी धरली.